बदलापुरात घर घेताय? बयाण्याआधी गवंडी न्या

मुंबई-ठाण्यातील भाड्याला कंटाळून आपले कारागीर आणि दुकानदार उल्हास नदीकाठच्या बदलापुरात घर शोधू लागले आहेत. व्याज नको म्हणून काहीजण कर्ज टाळतात, दागिने किंवा गाळा विकून रक्कम उभी करतात. कर्ज घेतले असते तर बँकेचा वकील कागद आणि तिचा माणूस इमारत पाहून गेला असता. आपल्यामागे ती नजर नसते, म्हणून आम्ही हे लिहितो आहोत.

आधी पुराचे पाहावे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या जुलैत उल्हासचे पाणी वस्तीत शिरले. २०१९ मध्ये तर बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसच अडकली. पाणी कुठवर चढले ते एजंटाला नव्हे, तळमजल्यावरच्या शेजाऱ्याला विचारावे. जागा पूररेषेत येते का आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का, याची नगरपरिषदेत चौकशी करावी.

मग ओळखीचा गवंडी आणि प्लंबर न्यावा, तोही मजुरी देऊन. फुकट नेलेला माणूस संकोचाने घाईत बघतो. शक्यतो पावसाळ्यात जावे, कारण ताज्या रंगाखाली ओल दडते. भिंत ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला समजावा. 'रेरा' कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला बांधकामदोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ताब्याची तारीख लेखी घ्या.