सेफ्टी पिनांवर फिरणारी मोटार

एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, लहानसं चकतीसारखं लोहचुंबक, सायकलच्या जुन्या ट्यूबचा कापलेला पट्टा आणि हातभर इनॅमलची तांब्याची तार. एवढ्या सामानात विजेची मोटार होते. तार सेलभोवतीच गुंडाळून तिचं वेटोळं करायचं, दोन टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढायची. ट्यूबच्या पट्ट्याने सेलच्या दोन्ही बाजूंना पिना घट्ट बसवायच्या आणि त्यांच्या भोकांत ती टोकं अडकवायची. चुंबक सेलच्या पाठीवर, वेटोळ्याच्या बरोबर खाली.

खरी गंमत तार खरवडण्यात आहे. एका टोकावरचा इनॅमलचा लेप पूर्ण काढायचा, दुसऱ्यावरचा मात्र फक्त अर्ध्या अंगाचा. दोन्ही टोकं स्वच्छ खरवडली की मोटार फसते: वेटोळं चुंबकाकडे वळतं, दोनदा डुलतं आणि थांबतं. अर्धा लेप ठेवला, तर वेटोळं नको तिथे थबकण्याआधीच वीज तुटते, आलेल्या वेगाने ते पुढे सरकतं आणि उघडी बाजू पिनेला लागताच पुन्हा ओढ मिळते. बाजारातल्या मोटारीत हे काम करणारा भाग पत्र्याच्या डबीत बंद असतो. इथे मूल तो ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने स्वतः घडवतं.

ही आणि अशी शेकडो खेळणी घराघरांत पोचवली अरविंद गुप्ता यांनी. मूळचे बरेलीचे, १९७५ साली आयआयटी कानपूरमधून विद्युत अभियंता झालेले आणि पुण्यात टेल्कोत नोकरीला लागलेले. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. १९७२ मध्ये सोळा शाळांपासून सुरू झालेल्या या कार्यक्रमात मुलं प्रयोग करूनच विज्ञान शिकत. प्रयोगशाळा नव्हती, आठवडी बाजार होता. तिथे मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगकाड्या एवढ्यावर गुप्तांनी भूमितीचं अख्खं खेळणं उभं केलं. ट्यूबच्या तुकड्यात दोन काड्या दोन्हीकडून खुपसल्या की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच कलतो. छपराच्या कैच्या आणि पुलाच्या सांगाड्यांत त्रिकोण का दिसतात, हे मुलाच्या बोटांना कळतं, पुस्तक नंतर येतं.

पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका हे मुलांचं विज्ञान केंद्र आहे. तिची ‘पुलस्त्य’ ही वास्तू पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. गुप्ता पुढे तिथे काम करू लागले आणि २०१४ पर्यंत होते. या काळात त्यांनी सहकाऱ्यांसह खेळण्यांच्या छोट्या फिल्म तयार केल्या, मराठीतही. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्या शाळांत रिकाम्या बाटल्या रंगवून फुलदाण्या करायची जुनी सवय आहे. त्या फुलदाण्या कपाटात जातात. या खेळण्यांना कपाट मानवत नाही, ती चालली तरच त्यांना अर्थ. म्हणूनच सुटे भाग मापात कापून देणारे तयार संच मला पटत नाहीत. तार आधीच खरवडलेली मिळाली तर मोटार पहिल्या झटक्यात फिरेल, पण ‘का थांबली?’ हा प्रश्न मुलाला पडणारच नाही. पालकांनीही वेटोळं अडलं की लगेच हात घालू नये.

कचरा काळाप्रमाणे बदलतो. फिल्मच्या रोलच्या डब्यांपासून पंप होत असे; त्या डब्या आता दिसत नाहीत. शीतपेयाच्या नळीचं टोक चपटं करून, दोन्ही कोपरे तिरके कापून पिपाणी होई. फुंकता फुंकता नळी कात्रीने आखूड करत गेलं की सूर चढत जाई. प्लास्टिकच्या नळ्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण कोकणातली मुलं नारळाच्या पातीची पिपाणी वाजवतात आणि रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासून तिच्यातूनही आवाज काढतात. थरथरणाऱ्या पात्यातून सूर कसा निघतो, हा धडा त्या कोयीपासूनही सुरू करता येतो. पावसाळ्यात अंगणात त्या हव्या तेवढ्या सापडतात.