वैद्यकीय शिक्षणाच्या गुणवत्तावाढीसाठी विद्यार्थ्यांचे ऑनलाइन प्रत्याभरण

प्रस्तावना :
अध्यापन ही द्विमार्गी प्रक्रिया आहे. शिक्षकाने काय शिकवले आणि विद्यार्थ्यापर्यंत त्यातील काय पोहोचले, यांतील अंतर प्रत्याभरणातून समजते. वैद्यकीय शिक्षणात या अंतराची किंमत अखेरीस रुग्णाला मोजावी लागते. भारतात २०१९ पासून एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमास क्षमताधिष्ठित स्वरूप देण्यात आले असून ज्ञानाबरोबरच कौशल्य, वृत्ती व संवाद यांवर भर आहे. त्यामुळे ‘व्याख्यान आवडले का?’ एवढेच विचारणे अपुरे ठरते. ‘टाके घालण्याचा सराव स्वतः करावयास मिळाला का?’ असे नेमके प्रश्न आवश्यक ठरतात.

प्रश्नावलीचे स्वरूप :
स्कॉटलंडमधील डंडी येथे विकसित झालेली व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ड्रीम’ ही प्रश्नावली वैद्यकीय शिक्षणाच्या वातावरणाचे मापन करते. तीत पाच विभागांत ५० विधाने असून प्रत्येकास ० ते ४ गुण, म्हणजे एकूण २०० गुण असतात. तथापि, एकूण गुणांवरून उणीव नेमकी कोठे आहे हे कळत नाही. त्यासाठी विधानवार विश्लेषण करावे लागते. एखाद्या विभागातील रुग्णालयीन प्रशिक्षणासाठी मात्र मोजके प्रश्न आणि एक मुक्त प्रश्न पुरेसा होतो.

ऑनलाइन पद्धती : लाभ व मर्यादा :
ऑनलाइन पद्धतीत संकलन त्वरित होते आणि हस्ताक्षर ओळखले जाण्याची भीती राहत नाही. परंतु प्रतिसाद घटतो. नल्टी यांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात छापील प्रश्नावलींना सरासरी ५६ टक्के, तर ऑनलाइन प्रश्नावलींना ३३ टक्के प्रतिसाद आढळला. यावर उपाय म्हणून प्रशिक्षणाच्या अखेरच्या दिवशी वर्गातच दहा मिनिटे राखून ठेवावीत.

गोपनीयता :
खरा प्रश्न निर्भयतेचा आहे. अंतर्गत मूल्यमापनावर विद्यापीठीय परीक्षेस बसण्याची पात्रता अवलंबून असते आणि ते गुण बहुधा त्याच शिक्षकांच्या हाती असतात. ई-मेल पत्ता नोंदविणारा अर्ज निनावी म्हणता येत नाही. दहा-बारा विद्यार्थ्यांच्या गटात तर एका वाक्यावरूनही लिहिणारा ओळखू येतो. म्हणून गुण अंतिम झाल्यावरच अभिप्राय शिक्षकांकडे द्यावेत, लहान गटांचे अभिप्राय एकत्र करावेत आणि मुक्त उत्तरांतील ओळखीच्या खुणा त्रयस्थ व्यक्तीने काढून टाकाव्यात.

शिक्षकांनाही संरक्षण हवे. उटल व सहकाऱ्यांच्या २०१७ मधील विश्लेषणात शिक्षकांना मिळालेले गुणांकन आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांत जवळजवळ संबंध आढळला नाही. म्हणून केवळ या आकड्यांवर शिक्षकाची पदोन्नती ठरविणे अन्यायकारक होईल.

कार्यवाही :
अभिप्रायाचे पुढे काय झाले, हे विद्यार्थ्यांना सांगणे ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक दुर्लक्षित पायरी होय. टाक्यांचा सराव मिळत नसल्याचे अनेकांनी नोंदविल्यास विभागाने कौशल्य प्रयोगशाळेत तास ठेवावा व तसे सूचना फलकावर जाहीर करावे. एखादी मागणी मान्य करणे शक्य नसल्यास तिचे कारण द्यावे. अन्यथा पुढील वेळी विद्यार्थी वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात खुणा करून मोकळे होतात आणि शंभर टक्के प्रतिसादही निरर्थक ठरतो.

समारोप :
संगणकामुळे अभिप्राय गोळा करणे सुलभ झाले. तो प्रामाणिकपणे दिला जाण्यासाठी मात्र विश्वास लागतो. गोपनीयतेची हमी व दिसून येणारी कार्यवाही यांतूनच तो निर्माण होतो. आजचा विद्यार्थी उद्या रुग्णाच्या खाटेशेजारी उभा राहणार आहे. त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यास तोही रुग्णाचे म्हणणे ऐकण्यास शिकेल.