गुराख्याची झोंपडी

सॅम्युएल पामर (१८०५–१८८१) या इंग्रज चित्रकारानें १८५० सालीं 'गुराख्याची झोंपडी' नांवाचें एक एचिंग केलें. चित्र तळहाताएवढेंच आहे. झाडींतील एक झोंपडी, गुरें, गुराखी व मावळता सूर्य, एवढाच त्याचा विषय. पण पाहणाराचे डोळे प्रथम सूर्याकडे जातात, आणि कौतुक असें कीं, त्या बिंबावर चित्रकारानें शाईचा ठिपकाहि दिलेला नाहीं.

हें समजण्यास एचिंगची कृति पाहिली पाहिजे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण व राळ यांचा पातळ लेप देऊन तो धुरानें काळा करितात. मग अणकुचीदार सुईनें लेप खरडून चित्र रेखाटावयाचें. सुई फिरली तेथें तांबें उघडें पडतें. पत्रा नत्राम्लांत बुडविला म्हणजे आम्ल तेवढ्याच रेषा खातें. ज्या फिकट हव्यात त्यांवर मध्येंच रोगण लावितात; बाकीच्या पुन्हां आम्लांत जाऊन अधिक खोल, म्हणून छापतांना अधिक काळ्या होतात. शेवटीं लेप काढून रेषांत शाई भरावयाची, पत्रा वरून पुसावयाचा आणि ओलसर कागदासह रुळांच्या यंत्रांतून दाबून काढावयाचा. चित्र उलटें उमटतें. डावें तें उजवें होतें.

या कलेंत पांढरी शाई नाहीं. प्रकाश म्हणजे कोरा कागद! पामर रेषांचें दाट जाळें विणी, पण त्यांत कणाकणाएवढी कोरी जागा राखी. त्यामुळें त्याच्या झाडांतून उजेड झिरपतांना दिसतो. यास धीर किती लागे, हें एवढ्यावरूनच कळेल कीं, आयुष्यांत त्यानें स्वतः पुरीं केलेलीं एचिंगें अवघीं १३ आहेत.

तरुणपणीं पामर केंट परगण्यांतील शोरहॅम या खेड्यांत राहिला होता, व तेथील आठवणी त्याच्या चित्रांत जन्मभर येत राहिल्या. मात्र या शांत संध्याकाळीवरून तेथील मजूर सुखी होते असा समज वाचकांनीं करून घेऊं नये. हिवाळ्यांत हातानें मळणी करावी, तेव्हां त्यांचें पोट भरे. मळणीयंत्रांनीं तें कामहि नेलें. १८३० सालीं, पामर शोरहॅमला असतांनाच, केंटमधील मजुरांनीं तीं यंत्रें फोडलीं; गंजींना आगी लागल्या. हें बंड इतर परगण्यांतहि पसरलें व शेंकडों मजुरांना ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार करण्यांत आलें. पामरची सहानुभूति जुन्या व्यवस्थेकडे होती. १८३२ सालीं त्यानें मतदारांस उद्देशून एक पत्रकहि काढलें.

झोंपडीचें एचिंग त्यानंतर अठरा वर्षांनीं झालें. तेव्हां पामर लंडनांत राहत होता.