यजमान अकरा, घर सहांचंच

19 जून 2021. बुडापेस्टच्या पुश्काश अरेनात पूर्वार्ध संपता संपता हंगेरीच्या अत्तिला फिओलाने जगज्जेत्या फ्रान्सवर गोल चढवला आणि तो तसाच बेभान धावत सुटला, तो थेट कडेला मांडलेल्या एका टेबलावर जाऊन आदळला. टेबलावरचं सामान उधळलं. वर गॅलरीत पंचावन्न हजारांवर माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. करोनामुळे लंडन, म्युनिक, रोम इथे मैदान जेमतेम पाव भरायची मुभा असताना बुडापेस्टने मात्र दारं सताड उघडली होती. उत्तरार्धात ग्रीझमनने बरोबरी साधली, सामना 1-1 सुटला. एवढं घरचं पाठबळ असूनही हंगेरीचा संघ गटात शेवटचा आला. तिसरा सामना मात्र म्युनिकमध्ये होता.

युरो 2020 नावाने 2021 मध्ये झालेली ही फुटबॉल स्पर्धा म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटना युएफाचे तेव्हाचे अध्यक्ष मिशेल प्लातिनी यांच्या डोक्यातली कल्पना. पहिली युरो 1960 ची, तिची साठी साजरी करायची तर एका देशात कशाला, अख्ख्या युरोपात खेळू, असं त्यांनी 2012 मध्ये मांडलं. हिशेबही होताच. संघ सोळावरून चोवीस झालेले. एवढा डोलारा एकट्याने पेलायला कोण पुढे येणार? 2014 मध्ये तेरा शहरं ठरली. नवं स्टेडियम उभं राहण्याची चिन्हं दिसेनात म्हणून ब्रसेल्स गळलं. प्रेक्षकांना प्रवेश देण्याची हमी देता आली नाही म्हणून डब्लिन आणि बिल्बाओ गळले, सेव्हिल आयत्या वेळी आलं. उरली अकरा शहरं, अकरा देशांची. यजमानांना थेट प्रवेश नव्हता. अझरबैजान आणि रोमानिया पात्रच ठरले नाहीत, त्यामुळे बाकू आणि बुखारेस्ट ही शहरं दुसऱ्यांच्या लग्नाला मांडव घालून बसली. खेळणारे यजमान नऊ.

खरी मेख आहे ती सामन्यांच्या वाटणीत. एका गटाला दोन यजमान शहरं जोडलेली. दोन्ही यजमान पात्र ठरले तर एकमेकांशी ते कुठे खेळणार? नियम असा होता की, थेट पात्र ठरलेल्याचं मैदान. दोघेही एकाच वाटेने आले असतील तर चिठ्ठी. इंग्लंड आणि जर्मनी थेट आले होते, स्कॉटलंड आणि हंगेरी प्लेऑफच्या मागच्या दाराने. म्हणजे जो आधीच बलवान त्याला घरचे तीन सामने आणि जो धडपडत आला त्याला दोन. रशिया आणि डेन्मार्क दोघेही थेट आलेले, तिथे चिठ्ठी कोपनहेगनच्या नावाने निघाली.

इटली, इंग्लंड, स्पेन, डेन्मार्क, नेदरलँड्स, जर्मनी या सहा संघांना गटातले तिन्ही सामने घरी मिळाले. सहाही बाद फेरीत पोहोचले. स्कॉटलंड, हंगेरी, रशिया या तिघांना दोन-दोन मिळाले. तिघेही आपापल्या गटात तळाला. उपांत्य फेरीतले चारही संघ त्या सहांमधलेच होते.

यावर फुटबॉलचा जाणकार लगेच म्हणेल की इटली आणि रशिया एका तराजूत कसे तोलता? बरोबर आहे. स्कॉटलंडच्या घरच्या हॅम्पडन पार्कवर झेक संघाच्या पात्रिक शिकने जवळपास मध्यरेषेवरून स्कॉटिश गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू जाळ्यात टाकला, तेव्हा मैदान कोणाचं याने काय फरक पडणार होता? पण म्युनिकचा तो सामना आठवा. दुबळा म्हणवणारा हंगेरीचा संघ भर पावसात दोनदा आघाडीवर होता. 84व्या मिनिटाला गोरेट्झकाने 2-2 केले आणि जर्मनी वाचली. हंगेरी जिंकली असती तर पुढे गेली असती. हाच सामना बुडापेस्टच्या गच्च भरलेल्या मैदानात झाला असता तर, हा प्रश्न हंगेरियन माणसाने विचारला तर त्याला रडका म्हणता येणार नाही.

गर्दीचा फायदा मात्र आपण समजतो तितका सरळ नाही. बाकूत यजमान संघच नव्हता, पण अझेरी प्रेक्षक तुर्कांना सख्ख्या भावासारखे मानतात. स्टेडियम तुर्कस्तानच्या लाल रंगाने भरलं होतं. तुर्कस्तान तिथे वेल्सकडून 0-2 आणि स्वित्झर्लंडकडून 1-3 असा हरला. 2020 मध्ये जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या मैदानांत खेळवली गेली तेव्हा घरच्या संघांचे विजय घटले, आणि अभ्यासकांचं लक्ष खेळाडूंपेक्षा पंचांकडे गेलं: ओरडणारं कोणी नसलं की पाहुण्यांना पिवळी कार्डं कमी दाखवली जात होती. म्हणजे गर्दी गोल करत नाही, ती शिट्टीवर दाब आणते.

दुसरा फायदा शांत आणि माझ्या मते मोठा: हलावं न लागण्याचा. स्वित्झर्लंडचं वेळापत्रक बघा. बाकू, रोम, पुन्हा बाकू, मग बुखारेस्टला फ्रान्स, मग सेंट पीटर्सबर्गला स्पेन. नुसतं बाकू ते रोम अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर, घड्याळात दोन तासांचा फरक. या वरातीत त्यांनी फ्रान्सला हरवलं हे नवलच. उलट इंग्लंडने सातपैकी सहा सामने वेम्बलीवर खेळले. युक्रेनविरुद्ध एकदाच काय ते रोमला जाऊन आले. युएफाचे अध्यक्ष अलेक्सांदर चेफेरिन यांनी स्पर्धा संपायच्या आतच सांगून टाकलं की, कोणी दहा हजार किलोमीटर फिरतो आणि कोणी हजार, हे योग्य नाही, असा घाट पुन्हा नको. शेवटी वेम्बलीवर, इंग्लंडच्याच प्रेक्षकांसमोर, पेनल्टींवर इटली जिंकली हा भाग वेगळा.

क्रिकेटवाल्यांना हे नवं नाही. 2025 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारताने पाचही सामने दुबईत एकाच मैदानावर खेळून चषक जिंकला. दक्षिण आफ्रिकेचा संघ संभाव्य उपांत्य सामन्यासाठी दुबईला आला आणि मग पाकिस्तानात परतून लाहोरला गेला. तेव्हा आपल्याकडे फारसं कोणी कुरकुरलं नाही.

एका जागी मुक्काम ठोकल्याने चषक मिळतोच असंही नाही. 2007 चा फुटबॉलचा एशियन कप इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड आणि व्हिएतनाम या चार देशांत झाला. चौघेही वेगवेगळ्या गटांत, प्रत्येकाचे तिन्ही सामने घरी. पुढे गेला फक्त व्हिएतनाम. गतविजेता जपान गटापासून उपांत्य फेरीपर्यंत सलग हनोईतच होता आणि तिथेच सौदी अरेबियाकडून 2-3 असा हरला. चषक नेला इराकने. युद्धामुळे ज्या संघाला स्वतःच्या देशात सामनेच खेळता येत नव्हते, तो बँकॉकहून क्वालालंपूर, तिथून जकार्ता करत गेला आणि युनिस महमूदच्या एकमेव गोलवर अंतिम सामना जिंकला.

आयोजकांनी यातून थोडं उचललं आहे. 2026 चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा, मेक्सिको मिळून सोळा शहरांत, पण शहरं पश्चिम, मध्य, पूर्व अशा तीन पट्ट्यांत वाटलेली आणि तिन्ही यजमानांचे गटसामने आपापल्या देशात. मेक्सिकोला तर समुद्रसपाटीपासून 2,200 मीटरवरचं अझ्तेका मैदानही दिमतीला. तिथली विरळ हवा पाहुण्यांचा दम काढते.

2030 ची वाटणी मात्र अजब आहे. स्पर्धा स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्कोत; पण शंभरी म्हणून उरुग्वे, अर्जेंटिना, पराग्वे यांना घरी एकेक सामना. पहिला विश्वचषक जिथे झाला त्या मोंतेविदेओत उरुग्वे सलामी देणार, आणि मग त्यांनी आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी सामानसुमान बांधून अटलांटिक ओलांडायचा.