पहिली इलेक्ट्रिक करवत कोणती घ्याल?

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये कार्पेंटरीचा जॉब आपण सगळ्यांनीच केलाय. हातकरवत, रंधा, पटाशी, गुण्या आणि शेवटी एक हाफ लॅप जॉइंट. बहुतेकांचा लाकडाशी संबंध तिथेच संपतो. पण काहींना त्या भुशाच्या वासाची चटक लागते. घरी पुस्तकांचं शेल्फ करावं, स्पीकरचा बॉक्स करावा, गेला बाजार एखादं स्टूल तरी करावं असं वाटायला लागतं. मग १८ एमएमचं प्लायवुड हाताने कापताना खांदा भरून येतो आणि आपण हार्डवेअरच्या दुकानात जाऊन म्हणतो, "काका, लाकूड कापायचं मशीन दाखवा ना!"

गडबड इथेच होते. कारण अनेकदा काका मार्बल कटर काढून ठेवतात. स्वस्त आहे, छोटं आहे, आणि वर "सगळे सुतार हेच वापरतात" हे सर्टिफिकेट. बिल्डिंगमध्ये कोणाकडे फर्निचरचं काम चालू असलं की जो कर्कश आवाज येतो, तो बहुधा याचाच. मूळचं दगड आणि लादी कापायचं हे मशीन, त्याला लाकडाचं दातेरी पातं लावलेलं असतं. सुतारकाकांचा हात त्यावर वर्षानुवर्षं बसलेला असतो, आणि तरीही सगळ्यांची दहा बोटं शाबूत राहतातच असं नाही. म्हणून आपलं पहिलं मशीन हे नसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते आपल्याच भाषेत, म्हणजे गणितात सांगते.

मार्बल कटरचं पातं साधारण ११० एमएम व्यासाचं असतं आणि ते मिनिटाला सुमारे १२,००० फेरे मारतं. पाय गुणिले व्यास गुणिले आरपीएम, भागिले ६०. उत्तर येतं सेकंदाला जवळजवळ ६९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५० किलोमीटर! काहीतरी चुकतंय हे कळून हात मागे घ्यायला माणसाला ०.२ सेकंद लागतात असं धरलं, तर तेवढ्यात पात्याचा दाता १४ मीटर धावलेला असतो. त्यात दगडाचं डायमंड व्हील घासत जातं, पण दातेरी पातं लाकूड पकडतं. आणि या मशीनला पातं खालून झाकणारं, आपोआप बंद होणारं गार्ड सहसा नसतंच.

आता जिगसॉ घ्या. हिचं पातं फिरत नाही, शिलाई मशीनच्या सुईसारखं वर-खाली होतं. ही नुसती उपमा नाही बरं का! स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीचे आल्बर्ट काउफमान यांनी १९४६ साली बायकोच्या शिलाई मशीनला सुईच्या जागी करवतीचं पातं लावून ही कल्पना काढली, असं सांगतात. जिगसॉचा स्ट्रोक साधारण २० एमएम, मिनिटाला जास्तीत जास्त ३,००० स्ट्रोक्स. सरासरी वेग सेकंदाला फक्त २ मीटर. त्याच ०.२ सेकंदात पातं ४० सेंटिमीटर चालतं. बोट हिच्यातही कापतं, त्यात शंका नको. पण मशीन उसळून अंगावर येण्याची भीती खूपच कमी. नवशिक्याला चूक समजायला वेळ मिळतो, आणि पहिल्या मशीनकडून मला वाटतं हीच अपेक्षा हवी.

शिवाय जिगसॉने सरळही कापता येतं आणि गोलही. आवाज कमी, त्यामुळे शेजारचे आजोबा दुपारी भांडायला येण्याची शक्यताही कमी.

दोष? आहेत ना. लांब सरळ काप हिला जमत नाही. जाड लाकडात पातं वाकतं आणि वरचं माप बरोबर असलं तरी खालची कड तिरकी येते. उपाय सोपा आहे. एक सरळ पट्टी दोन क्लॅम्पनी घट्ट बसवा, तिला टेकवून मशीन चालवा आणि ढकलू नका. आठ बाय चारची अख्खी शीट असेल तर मोठे काप प्लायवुडच्या दुकानातच करून मिळतात का ते आधी विचारा.

विकत घेताना वॉट्सच्या आकड्याला भुलू नका. पुढच्या गोष्टी बघा. वेग कमी-जास्त करता येतो का? खालची पत्र्याची बैठक सपाट आहे का, की हलते? टी-शँक पाती बसतात का? ती जवळपास सगळीकडे मिळतात. पेंड्युलम अ‍ॅक्शनचा खटका आहे का? त्याने काप लवकर होतो पण खडबडीत येतो, म्हणून सफाई हवी असेल किंवा गोल कापायचं असेल तर तो शून्यावर ठेवायचा. आणि थोडे पैसे चांगल्या पात्यांसाठी राखून ठेवा. मोठ्या दात्यांचं पातं पटकन कापतं, बारीक दात्यांचं स्वच्छ. नेहमीची पाती वर जाताना कापतात, त्यामुळे सनमायकाचे टवके वरच्या बाजूला उडतात. म्हणून चांगली बाजू खाली ठेवून कापावं.

सर्क्युलर सॉ हा दुसरा टप्पा. ७ इंची पातं, स्प्रिंगचं गार्ड, सरळ कापाला एकदम राजा. पण फळी मध्येच खाली झुकली की कापलेली फट पात्यावर मिटते, पातं अडकतं आणि मशीन उलट आपल्याकडे उसळतं. यालाच किकबॅक म्हणतात. फळीला आधार कुठे द्यायचा हे अंगवळणी पडल्यावरच ती घ्यावी. टेबल सॉ त्याच्याही नंतर, आणि तीही पक्की जागा असेल तरच.

मशीन कुठलंही असो, काही नियम एकच. लाकूड हाताने नाही, क्लॅम्पने धरायचं. पातं बदलताना प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. डोळ्यांवर गॉगल, नाकावर मास्क, कारण प्लायवुड आणि एमडीएफचा भुसा फुफ्फुसांना अजिबात चांगला नाही. ओढणी, सैल बाही, ब्रेसलेट नको. हातमोजेसुद्धा नकोत, फिरत्या पात्यात कापड अडकलं तर ते हातालाही आत खेचतं.

कमी पैशांत जास्त पॉवर मिळतेय म्हणून मोह होतो, मान्य आहे. पण शेल्फ एक दिवस उशिरा झालं तर काही बिघडत नाही. बोटं मात्र कुठल्याच हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत!