काला अंब आणि पडद्यावरची झुंज

पानिपत शहराबाहेर काही किलोमीटरांवर काला अंब हे ठिकाण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सांडलेल्या रक्ताने येथील आम्रवृक्ष काळा पडला, अशी आख्यायिका सांगतात. तो वृक्ष आता नाही. त्या जागी विटांचा एक स्तंभ आहे आणि महाराष्ट्रातून येणारा प्रवासी तेथे क्षणभर का होईना, थबकतो.

या रणभूमीवरचा दिवस आशुतोष गोवारीकर यांनी २०१९ साली ‘पानिपत’ या हिंदी चित्रपटात उभा केला. गोळी लागून विश्वासराव पडतात, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतात, रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटतो. हा घटनाक्रम मराठी माणसाला शालेय वयापासून पाठ असतो. अखेरच्या झुंजीत भाऊ एकटे अनेकांना भिडतात. दृश्य भव्य आहे. परंतु दिग्दर्शकापुढची अडचणही तेथेच दिसते. नायक अजिंक्य वाटला पाहिजे आणि तो पडलाही पाहिजे. परिणामी त्याचा प्रत्येक वार अचूक ठरतो आणि पराभव जणू बाहेरून येऊन कोसळतो.

मराठी भाषेने मात्र या जखमेकडे दोन्ही अंगांनी पाहिले आहे. ‘पानिपत होणे’ या शब्दप्रयोगात हळहळ आहे, तर ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ या कोटीत डोळे पुसता पुसता केलेले हसू आहे. पराभवाला असे हसून सामोरे जाणारी झुंज पडद्यावर पाहायची, तर दूर हाँगकाँगकडे वळावे लागते.

तेथे १९७८ साली युएन वू-पिंग यांचा ‘ड्रंकन मास्टर’ हा कुंग-फू विनोदपट प्रदर्शित झाला. त्याचा नायक वाँग फेई-हुंग हा चीनमधला खराखुरा वैद्य आणि युद्धकलेचा गुरू. १९४९ पासून क्वान टाक-हिंग या नटाने त्याला अनेक चित्रपटांतून धीरगंभीर आदर्श पुरुष म्हणून रंगवले होते. जॅकी चॅनने त्याच पूज्य पुरुषाला उनाड पोर केले! शिवचरित्रावर पोसलेल्या प्रेक्षकाला या धाडसाची कल्पना सहज येईल.

हा पोरगा आधी सपाटून मार खातो. एका प्रौढ स्त्रीकडून त्याची फजिती होते, ती त्याची आत्याच निघते. पुढे एक भाडोत्री मारेकरी त्याला तुडवून अपमानित करतो, तेव्हा कोठे तो आपल्या मद्यपी वस्तादाकडे परततो. वस्तादाची भूमिका दिग्दर्शकाचे वडील युएन सिउ-तिएन यांनी केली आहे. उलटे टांगून इवल्या पेल्यांनी पाणी भरायला लावणारी त्यांची तालीम आपल्याकडच्या आखाड्यातल्या जुन्या पठ्ठ्यांनाही ओळखीची वाटावी.

शिकायचे असते आठ सिद्धपुरुषांच्या झिंगलेल्या चालींवर बेतलेले आठ पवित्रे. त्यांतला एक सिद्ध लंगडा आहे, एक स्त्री आहे. बायकी म्हणून शेवटचा पवित्रा शिकण्याची पोरगा टाळाटाळ करतो आणि अंतिम लढतीत नेमका तोच हवा असतो. मग तो स्वतःच्या कल्पनेने तो रचतो, लाजत-मुरडत वार करतो आणि प्रेक्षक हसता हसता श्वास रोखून धरतो. कॅमेरा पुष्कळदा दोघांनाही पायांपासून डोक्यापर्यंत दाखवतो. घसरलेला पाय लपत नाही. चॅनने बालपणी पेकिंग ऑपेराच्या शाळेत घेतलेले कठोर शिक्षण येथे फळाला आलेले दिसते. पुढे याच युएन वू-पिंग यांनी ‘द मेट्रिक्स’ (१९९९) या हॉलिवूडपटातील झुंजी बसवल्या. परंतु पडण्यातली ही गंमत तेथे उरली नाही.

अर्थात, काला अंबच्या मैदानावर विनोदाला जागा नव्हती. उपाशी सैन्य, उंटांवरच्या जंबुरक तोफा आणि हजारो निःशस्त्र यात्रेकरू यांची ती शोकांतिका. तरीही त्याच दिवसाच्या उत्तरार्धात एक असा प्रसंग आहे, जो मोठ्या युद्धदृश्यांच्या गर्दीत हरवू नये. पळताना पायावर घाव बसलेले महादजी शिंदे मैदानाबाहेर असहाय पडले होते. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे नेले. महादजींचा पाय कायमचा अधू झाला. दहा वर्षांनी, १७७१ साली, मराठी फौजांनी दिल्ली पुन्हा हस्तगत केली, तेव्हा त्यांच्या सरदारांत हे लंगडणारे महादजी होते. आणि पखाल वाहणारा राणेखान पुढे त्यांच्याच सैन्याचा सेनानी झाला. महादजी त्याला ‘भाई’ म्हणत.