बांध टँकमधलाही असतो

"एकट्याला करमत नाही हो त्याला." फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर किंवा फायटर मासा पाळणाऱ्या घरात हे वाक्य निघालं, की सोलापूर-पुण्याहून पिशवीतून एक सोबती येतो. दुसऱ्या दिवशी त्याचे पर फाटलेले असतात आणि तो पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा असतो. एकटेपणाची ही कल्पना आपली आहे, माशाची नाही. फायटरचा नर दुसरा नर दिसला की लढतो, आणि अंडी घालून झाल्यावर मादीलाही हाकलतो. 1990च्या दशकात मलेशियात संकर करून तयार केलेला फ्लॉवरहॉर्न तर बहुधा कुणालाच खपवून घेत नाही. घराची भरभराट होते असं मानून तो पाळणाऱ्यांनी निदान त्याच्या शेजाऱ्याच्या भरभराटीचा विचार करावा.

भांडण भुकेचं असतं, म्हणून पोटभर खायला घालून नवा मासा सोडावा, असंही सांगतात. खाऊ घातल्याने थोडा वेळ शांतता लाभते, एवढंच. खरा वाद जागेचा असतो. धाराशिव जिल्ह्यात बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. दगडाची कपार, कुंडीमागचा आडोसा, तळाची वाळू एवढी माशाची हद्द. तिथे लपायला मिळतं आणि पुढे अंडीही घालता येतात. आधीपासून राहणाऱ्याचं पारडं तिथे जड असतं. किंचित मोठा पाहुणाही अनेकदा त्याच्यापुढे हरतो.

"दोन दिवस भांडतील, मग विसरतील. माशाला तीन सेकंदांपलीकडे काय आठवतंय?" हा समज सगळ्यात महागात पडतो. फ्लॉवरहॉर्न-ऑस्करच्याच सिक्लिड कुळातल्या, आफ्रिकेतल्या एका जातीवर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 साली प्रयोग प्रसिद्ध केला. इतर नरांच्या झुंजी नुसत्या पाहून, ज्यांची आपसात लढत झालेलीच नाही त्यांच्यातही कोण भारी, हे या माशांनी ताडलं. म्हणजे एकदा दबलेला मासा दबलेलाच म्हणून ओळखला जातो. दोन दिवसांत तो मार खाऊन मरू शकतो, भांडण मिटत नाही.

मग फायटरचा नर आणि फ्लॉवरहॉर्न सोडून इतरांना सोबती आणायचाच असेल, तर करायचं काय? जुना मासा विसरण्याची वाट पाहू नका, त्याची हद्दच मोडा. त्याला काही दिवस वेगळ्या बादलीत किंवा टबात ठेवा, तिथेही हवेचा पंप लावून. मुख्य टँकमधले दगड, कुंड्या, झाडं सगळं हलवा आणि आधी नव्याला सोडा. तो स्थिरावला की दिवे मालवून जुन्याला आणा. आता दोघंही पाहुणे. मध्ये भोकांची जाळी लावून आठवडाभर एकमेकांना दिसू दिलं तर अधिक बरं. एकाच्या जागी तीन-चार मासे एकदम आणले तर मार वाटला जातो, पण टँक तेवढा मोठा हवा. नुसती लांबी-रुंदी मात्र कामाची नाही. पाठलाग करणाऱ्याची नजर तोडणारे आडोसे नसले, तर मोठा टँकही मोकळं रान ठरतो.

पिशवी तरंगत ठेवली की मासा रुळतो, हे अर्धंच खरं. पंधरा-वीस मिनिटांत फक्त तापमान जुळतं. लांबून आलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्यामुळे पाण्याचा आम्लपणा वाढतो आणि माशाने सोडलेला अमोनिया सौम्य राहतो. पिशवी उघडल्यावर तो वायू निघून जातो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून उघडी पिशवी तासन्‌तास ठेवू नका. तापमान जुळलं की जाळीने मासा उचला, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. टँकमध्ये बोअरचं पाणी भरणार असाल, तर त्यात हवा सोडून दिवसभर ठेवा. टँकरच्या किंवा नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असेल, तर क्लोरीन काढणारं औषध घाला. शक्य असेल तर नव्या माशाला आधी तीन आठवडे वेगळं ठेवून पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नाही ना, ते बघा. मे महिन्यात नवा मासा आणूच नये, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो.

एवढं करूनही मार थांबला नाही, तर नव्याला दुकानदाराकडे परत द्या. घरच्या विहिरीत, तेरणेत किंवा बोरीच्या धरणात सोडू नका. सिक्लिड कुळातलीच, मूळची आफ्रिकेची चिलापी 1952 साली भारतात आणली गेली. आज धाराशिवला पाणी पुरवणाऱ्या उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात तीच भरभरून येते.